खोट्या एकादशीची भगर

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी ठरवून टाकलं, की तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला म्हणून कुणाला सांगायचं नाही. नवऱ्याला सांगणं भागच होतं आणि सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघून आपणच ओळखलं. बाकी सख्ख्या आईलासुद्धा मी फोनवर हवापाण्याच्या गप्पांवर ठेवलं होतं.

याला कारण होतं. पहिल्या वेळी टेस्टवर दोन रेघा दिसल्या त्याच संध्याकाळी आम्ही पेढे वाटले होते. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं आणि माझी खरी परवड त्यानंतर सुरू झाली. मूल गेल्याचं दुःख होतंच, पण ते लोकांना सांगण्याचं रोज नव्याने होत राहिलं. भाजीवाली आपणहून जास्तीची कोथिंबीर घालायची आणि पोटाकडे बघून हसायची. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन विचारायच्या, "अभी कौनसा महीना चल रहा है, बेटा?" मला हिंदीत ते कसं सांगायचं हेच सुचायचं नाही. कसंबसं "नहीं रहा" म्हटलं तर त्या माझ्याच खांद्यावर रडायला लागल्या आणि मीच त्यांना घरी नेऊन पाणी दिलं. त्यानंतर कित्येक दिवस मी जिन्याने ये-जा करत होते.

त्यामुळे या वेळी तोंडाला कुलूप, आणि पोटावर चोवीस तास पहारा. अर्धं उकडलेलं अंडं बंद, बाहेरचा रस बंद, कापून ठेवलेली फळं बंद, शिंपल्या आणि खेकडे बंद, हॉटेलातली चटणी तर बघायचीही नाही. दूध मी इतकं उकळायचे की त्याची बासुंदी व्हायची. द्राक्षं एकदा मिठाच्या पाण्यात धुवायची, मग साध्या पाण्यात, आणि मग संशय म्हणून आणखी एकदा. नवरा म्हणाला, "अगं, रंग जाईल त्यांचा." मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

आणखी एक काळजी होती, ती मी त्यालाही सांगितली नव्हती. मला उलट्या होत नव्हत्या. पहिल्या वेळीही झाल्या नव्हत्या, तेव्हा सगळ्यांनी मला नशीबवान ठरवलं होतं. पुढे कुठेतरी वाचलं की मळमळ, उलट्या हे चांगलं लक्षण समजतात, आणि तेव्हापासून ते डोक्यात घर करून बसलं. रोज सकाळी मी बेसिनपाशी जाऊन उभी राहायचे आणि काही न होता परत यायचे. उलटीची वाट बघणारी बाई अख्ख्या भाईंदरमध्ये मी एकटीच असेन.

अशात एका रविवारी खारी गावात काकींकडे जेवायचं बोलावणं आलं. काकी म्हणजे माझी चुलत सासू, सासूबाईंची धाकटी जाऊ. चारी बाजूंनी बिल्डिंगा उठल्या तरी त्यांचं जुनं घर गावात तसंच आहे. त्यांच्या मुलाचं लग्न जमलं होतं आणि मुलीकडची माणसं डोंगरीहून यायची होती. सासरच्या आगरी घरात पाहुणे म्हटले की तिसऱ्यांच्या शिंपल्या, खेकडे, भरलेली पापलेटं हे ठरलेलंच. त्यात काकींचा हात असा, की नको म्हणणाऱ्याला दुप्पट वाढतात. आणि लग्न झालेली पोर खेकड्याला नको म्हणाली, की सगळ्या बायकांची नजर थेट तिच्या पोटावर जाते. म्हणून मी सकाळी कॅलेंडर बघितलं, देवाच्या कृपेने एकादशी होती, आणि उंबऱ्यातच जाहीर केलं, "काकी, आज माझा उपवास आहे."

काकींनी माझी हनुवटी धरली. आता सांगायला हवं, की माझं माहेर बौद्ध. आमच्याकडे एकादशी फक्त कॅलेंडरवर छापलेली असते. आमच्या लग्नात काकी जरा लांबच उभ्या होत्या, हे मी विसरले नव्हते. त्याच काकी आता घरभर सांगत सुटल्या, "आपल्या पोरींना न्हाय जमत, हिला बघा!" मला ओशाळल्यासारखं झालं, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

त्या घरात एकादशी धरणाऱ्या एकट्या आजी, काकींच्या आणि माझ्या सासूबाईंच्याही सासूबाई. आता आम्ही दोघी झालो. एकादशीला भगर चालते की नाही यावर घरोघरी वाद आहेत, काकींच्या घरी चालते. त्यांनी फळीवरचा डबा काढला, भगर धुतली, तुपावर जिरं टाकून शिजवली, वर शेंगदाण्याची आमटी केली. सगळं माझ्या डोळ्यांदेखत, ताजं, वाफाळतं. मी मनातल्या मनात एकेक नियम तपासला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. खेकड्याची नांगी फोडता फोडता काका म्हणाले, "एकादशी अन् दुप्पट खाशी!" सगळे हसले, मीही हसले. आपण किती हुशार, असं मला तेव्हा वाटत होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. पाठोपाठ उलटी.

सासूबाई धावत आल्या, पाठ चोळायला लागल्या आणि म्हणाल्या, "लागली बाई एकदाची ओकारी! आता कसं जिवाला बरं वाटलं." म्हणजे मनातून त्याही वाटच बघत होत्या. मी बाथरूमच्या फरशीवर बसून हसत होते आणि रडत होते. दुसरी उलटी झाली, तिसरी झाली, आणि प्रत्येक वेळी मला आनंदच होत होता. मी पोटावर हात ठेवून पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले. म्हटलं, "आहेस ना रे?" उत्तर म्हणून पुन्हा उमळून आलं.

नवरा डॉक्टरकडे जाऊ या म्हणत होता. आम्ही दोघी त्याला हसलो. "ओकाऱ्यांसाठी कुणी दवाखान्यात जातं का? बायकांमध्ये पडू नकोस," सासूबाईंनी त्याला हुसकून लावलं. माझे हात थरथरत होते, पाण्याचा पेला दातांवर वाजत होता. अशक्तपणा असेल म्हणून मी तोही आनंदात जमा केला. सकाळपर्यंत पाण्याचा घोटही पोटात ठरेना. ओठ सुकले, लघवी जवळजवळ बंद झाली, भिंत धरल्याशिवाय उभं राहवेना.

तेवढ्यात काकींचा फोन आला. सासूबाईंनी स्पीकर लावला.

"वहिनी, आमच्या म्हातारीला काल सांजच्यापासून वांत्या सुरू हायत, हातपाय कापतान तिचे. दवाखान्यात आनलाय. डॉक्टर बोलतो, भगरीतून विषबाधा झाली. मासे खाल्लेले सगले बरे हायत. तुमच्या सुनेनं पन तीच भगर खाल्ली ना? तिला कसा हाय?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला आधी विषाची भीती वाटलीच नाही. मला एवढंच कळलं, की या उलट्या माझ्या बाळाच्या नव्हत्या. रात्रभर मी विचारत होते आणि उत्तर देत होती भगर. आत कुणी आहे याची एकुलती एक खूण त्या एका फोनने काढून घेतली. मग दुसरा विचार आला, की कुणी असलंच, तर हे विष त्याच्यापर्यंतही पोचत असेल. मी खाली बसले ती नवऱ्याने उचलूनच रिक्षात घातली.

आजींना ठेवलं होतं त्याच दवाखान्यात आम्ही गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, "प्रेग्नंट आहात? मग रात्रीच का नाही आलात?" सासूबाई "आम्हाला वाटलं..." एवढंच म्हणू शकल्या आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मला सलाईन लावलं. जुनी, दमट जागी राहिलेली भगर असली की तिला बुरशी धरते, ती नेहमी डोळ्यांना दिसत नाही, आणि तिचं विष शिजवूनही जात नाही, असं डॉक्टरबाई सांगत होत्या. अशा दिवसांत अंगातलं पाणी एवढं कमी होऊ देणं त्याहून धोक्याचं, असंही म्हणाल्या. मी एकच प्रश्न विचारत होते. त्या म्हणाल्या, "आधी थोडं सलाईन जाऊ दे, मग सोनोग्राफी करू."

मागच्या वेळी सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर बोलता बोलता गप्प झाले होते, आणि त्या गप्प होण्यातच मला सगळं कळलं होतं. या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही, डोळे गच्च मिटून पडून राहिले. डॉक्टरबाईही गप्पच होत्या. मग त्यांनी मशीनचा आवाज मोठा केला आणि खोलीभर भराभरा ठोके ऐकू यायला लागले.

"चांगले आहेत ठोके. पण आता जपा, पुढच्या आठवड्यात परत बघू."

"पुन्हा ऐकवता?" मी म्हटलं. त्यांनी पुन्हा ऐकवलं. तरी माझा विश्वास बसेना.

वॉर्डात परत आणलं तेव्हा पलंगाजवळ काकी उभ्या होत्या. केस सुटलेले, कालचीच साडी. पलीकडच्या पलंगावर आजींना उतार पडून झोप लागली होती. सोनोग्राफी म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं होतं.

"का न्हाय सांगितलास गो? मी काय तुझी वैरीन हाय?" त्या भांडायलाच लागल्या. "पोटुशी पोर माज्या दारात येते, नि मी तिला डब्यातली जुनी भगर घालते!"

काहीतरी गोड बोलून मला वेळ मारून नेता आली असती, पण अंगात तेवढं त्राण नव्हतं. मी सांगून टाकलं. "काकी, मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं. मग गेलं ते एकेकाला सांगत फिरावं लागलं. परत तसं झालं तर मला नाही जमणार."

काकी पलंगाच्या कडेला बसल्या, सलाईनची सुई टोचलेला माझा हात अलगद मांडीवर घेतला. आता त्याही सगळ्यांसारखं "काय व्हायचा न्हाय" म्हणणार, म्हणून मी मान फिरवली.

"आता सगल्यांना सांग," त्या म्हणाल्या. "चांगला हाय ते तू सांगायचा. आनि वंगाल काय झालाच, तर तू घरात निजून राहायचा. दारोदारी जाऊन मी सांगीन. तुज्या बिल्डिंगीत पन येईन. तुला कोन काय विचारनार न्हाय."

मी ओक्साबोक्शी रडले. नर्स येऊन सलाईन तपासून गेली, तरी काकींनी हात सोडला नाही. रडणं थांबल्यावर मी जे वाक्य तोवर मोठ्याने कुणापुढे उच्चारलं नव्हतं, ते त्यांना म्हणाले.

"नववा आठवडा चाललाय, काकी."