साप झोपल्यावर सांगायचं

अन्वर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरच्या एसटी स्टँडवर किकवीच्या गाडीची वाट बघत उभी होते. सरांचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. बाजारात आलेच आहे तर डोकावून यावं, असं सकाळपासून मनात होतं आणि गुडघे दुखताहेत या सबबीखाली मी ते टाळलं होतं. त्यांच्या शेजाऱ्यांनी दोन वाक्यांत बातमी सांगितली आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता ती काठी कोण वाचणार? आपली आपल्यालाच शरम वाटली. गाडी लागली होती, ती सोडून दिली आणि पिशवी सावरत त्यांच्या घराकडे निघाले.

आम्ही एकाच कॉलेजात सत्तावीस वर्षं काढली. ते भूगोल शिकवायचे, मी ग्रंथालयात. तरुणपणी शिष्यवृत्ती मिळून ते दोन वर्षं अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात होते, कोरडवाहू मुलखाचा अभ्यास करायला. तिथं ओओधम नावाच्या मूळ लोकांच्या वस्तीजवळ ते राहिले. आंतरराष्ट्रीय सीमेच्या तारा ज्यांच्या मुलखाच्या मधून गेल्या, निम्मे नातेवाईक अलीकडे आणि निम्मे मेक्सिकोत, अशी ती माणसं. एका पावसावर येणारी घेवड्यासारखी कडधान्यं पिकवायची, उन्हाळ्यात उंच निवडुंगाची फळं लांब काठीनं पाडायची आणि गाणी म्हणून पावसाला बोलवायचं. "आपल्या वेल्ह्यात उलटं," सर म्हणायचे, "न बोलवता येतो आणि चार महिने हलत नाही!" तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी सरांचा जीव जडला. सर त्यांना चाचा म्हणायचे आणि ते ऐकून घ्यायचे. जग कसं झालं याच्या त्यांच्या मोठ्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात, साप जमिनीत जाऊन झोपल्यावर. एरवी सांगितल्या तर साप चावतो. त्या गोष्टी कशा आहेत, असं मी कितीदा तरी विचारलं. सरांनी एकदाही सांगितल्या नाहीत. "त्या त्यांच्या आहेत, सुमनताई. चाचा म्हणाले होते, गोष्टी नेऊ नकोस, काठी ने."

ही काठी म्हणजे त्याच निवडुंगाची वाळलेली फासळी. त्याच्या खोडात उभ्या कांबी असतात, त्यांतली एक. हाताला हलकी, पण लाकडासारखी चिवट. ओओधम लोकांत एखादा जाणता माणूस अशा काठीवर दर वर्षाच्या खुणा कोरत जातो. कुठं खाच, कुठं टिंब, कुठं वाकडी रेघ. पूर आला, साथ आली, कोणी मोठा माणूस गेला... ती अक्षरं नव्हेत. कोरणाऱ्याच्या डोक्यात जे आहे त्याची ती फक्त आठवण. त्यानं अंगठा फिरवत सांगायचं, बाकीच्यांनी समोर बसून ऐकायचं. चाचांनी सरांना कोरी फासळी दिली होती. भोरला आल्यावर ती बरीच वर्षं कपाटावर धूळ खात पडली, आणि मग वेल्ह्यातल्या गुंजवणीच्या खोऱ्यात धरण आलं.

उठलेल्या घरांपैकी काही किकवीच्या बाजूला येऊन वसली. सर तिथं सर्वेक्षणाला म्हणून गेले आणि कायमचे अडकले. दिवाळी झाली की एखाद्या रविवारी कलत्या उन्हात ते वस्तीवरच्या देवळात जाऊन बसत. पाण्याखाली गेलेल्या वावरांची नावं, कुठल्या बांधाला कोणाचा आंबा होता, पायवाट कुठून ओढा ओलांडायची, हे म्हातारी माणसं भांडत भांडत सांगायची आणि सर चाकूनं काठीवर खूण करायचे. शेवटी पहिल्या खुणेपासून सगळं सांगत यायचे. गोष्टींचा हिवाळा आणि वर्षांची काठी या तिकडच्या दोन वेगळ्या चाली. त्यांची सांगड सरांनीच घातली. त्या म्हाताऱ्यांतल्या हौसाकाकीला तिच्या सासऱ्यानं खणलेल्या विहिरीचं भारी वेड. "निवडुंगाचं लाकूड व्हय ह्ये? आमी वावराच्या कुपाटीला लावतो त्येला," असं पहिल्या वर्षी हिणवणारी काकी पुढं दरसाल विचारायची, "सर, माझी हीर हाय न्हवं त्यात? न्हाई, पुसली-बिसली आसंल तर आत्ताच सांगा." सर तिचं बोट त्या खाचेवर ठेवायचे. मगच ती पुढचं ऐकायची.

मी त्यांना म्हटलं होतं, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवू. नाहीतर मी लिहून काढते. त्यांनी ऐकलं नाही. "एकदा मोबाईलमध्ये गेलं की सगळे निर्धास्त होतात. मग ऐकायला कोण बसणार? तुम्ही शिका. तुमच्या डोक्यात ग्रंथालयाचे कप्पे आहेत." मी हो म्हटलं. मी कशालाही हो म्हणते आणि मग दमते. एक हिवाळा आईच्या आजारपणात गेला, एक निवृत्तीच्या कागदपत्रांत, एक नुसताच. तेवढ्यात वस्तीवरची बहुतेक म्हातारी माणसं एकेक करून गेली. ज्याचं त्याला ठाऊक होतं ते त्याच्याबरोबर गेलं, आणि सगळं एका दमात सांगणारे एकटे सर उरले. मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण थकवा ही फार सोयीची गोष्ट असते, तिच्याआड काहीही लपतं.

आषाढात शेवटची भेट झाली. पुण्याच्या दवाखान्यातून सर नुकतेच घरी आले होते. पायांवर सूज, आवाज बसलेला. खाटेवर तक्क्याला टेकून बसले होते आणि बाहेर पाऊस कोसळत होता. मी टेकते न टेकते तोच त्यांनी दारामागची काठी मागून घेतली. "बसा आज. पहिल्यापासून सांगतो."

मी घड्याळ बघितलं. साडेचारची गाडी चुकली असती तर पुढची सहाला, आणि घरी आई एकटी. म्हणून मी हसत हसत म्हटलं, "सर, नियम तुमचाच. अजून साप जागे आहेत. दिवाळीनंतर बसू की निवांत!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभरच... मग हसले. "बरोबर पकडलंत," म्हणाले आणि काठी बाजूला ठेवली. सरांच्या पत्नी शमीमभाभींनी चहा आणला, तो मी उभ्या उभ्याच प्यायले. साडेचारची गाडी मिळाली. खिडकीशेजारची जागासुद्धा मिळाली.

श्रावणात सर गेले. नियम मोडून ते सांगायला बसले होते याचा अर्थ काय, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी तो एकदाही मोडला नव्हता. त्यांचाच नियम मी त्यांच्या तोंडावर फेकला, तोही गाडीसाठी. याला चूक म्हणतात, दुसरा शब्द नाही.

चाळिसावा झाल्यावर भाभींकडे गेले. त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "तुम्हालाच द्यायची म्हणाले होते." मी विचारलं, आणखी काही बोलले का? त्या म्हणाल्या, "नाही हो. तुम्ही येऊन गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी चाकू मागितला. म्हटलं, हात थरथरतोय, कापून घ्याल. ऐकतात थोडंच! तासभर बसले होते घेऊन."

काठीच्या अगदी तळाशी एक ताजी खूण होती. बाकीच्या खुणा हातांनी काळपट झालेल्या, ही पिवळट आणि ओबडधोबड. दोन लहान वाटोळी टिंबं, मध्ये आडवी रेघ. माझा चष्मा. तरुणपणापासून तो जाड भिंगांचा चष्मा त्यांच्या थट्टेचा विषय. आणि त्याच्या शेजारी एक नागमोडी रेघ, तिला बारीकसं डोकं, डोक्यात टाचणीएवढं भोक. डोळा. साप जागा होता.

मी तिथंच भाभींच्या खाटेवर बसले आणि मग मात्र रडले.

परवा हौसाकाकीचा फोन आला. नातीनं लावून दिला असणार. "सर गेलं म्हनं... लई वंगाळ झालं. पर काठी हाय न्हवं तुमच्यापाशी?" म्हटलं, आहे. "मंग दिवाळी झाली की या तुमी. माझी हीर तेवढी दावा." तिच्या खाचेवर तिचं बोट कुठं ठेवायचं, हे मला ठाऊक नाही, असं मी तिला सांगू शकले नाही. येते म्हटलं. नेहमीसारखंच.

काठी आता माझ्या खोलीत दारामागे आहे, छत्रीच्या शेजारी. छत्री घ्यायला जाते तेव्हा हाताला आधी तीच लागते. दिवाळीनंतर मी वस्तीवर जाणार आहे, गुडघे काहीही म्हणोत. देवळात बसून पहिल्या खुणेवर अंगठा ठेवीन आणि सगळ्या वावरांवरून, आंब्यांवरून, काकीच्या विहिरीवरून मुकाट्यानं खाली येईन. तळाशी थांबेन. मला वाचता येते ती एवढी एकच खूण, तीच सांगेन... सर सांगायला बसले होते, आणि मला गाडी गाठायची होती.