‘फेकून देऊ काय?’

ज्या वस्तूचं झाकण उघडता येत नाही ती वस्तू आपली नाही, असं मानणारा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात एकच असावा, आणि ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. खामगावात त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत ते नवी तार भरून देतात. नवा मिक्सर घ्यायला गेले की दुकानदाराकडे आधी स्क्रू काढायला पेचकस मागतात. एका लग्नात लाऊडस्पीकर खरखरला, तर अक्षता पडून पंगती बसल्या तरी काका तो उघडून स्टेजमागेच बसलेले.

असा माणूस विकतची कॉम्प्युटर सिस्टीम घरात कशी येऊ देईल? त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकटची, सगळ्यांना उघडून बघता येणारी लिनक्स आहे. “ते विकतचं म्हंजे भाड्याचं घर,” ते सांगायचे. “खिळा ठोकाले बी मालकाले इचारा लागते. हे आपलं हाये. भित पाडली तरी कोनी बोलत नाई.”

“पाडता तं तुमी बराबर,” मावशी आतून म्हणायची. “उभी कोन करन? आठ दिवस झाले, प्रिंटर मुका बसला हाये!”

मी डोणगावची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. मावशीकडे राहायला आले तेव्हा कॉम्प्युटरवरचं इंग्रजी बघून मी हातच मागे घ्यायची. काकांनी ते पाहिलं. चार दिवस खपून त्यांनी सिस्टीमच्या आतले शब्दच बदलले. पाचव्या दिवशी मी बसले तर पडद्यावर ‘ठेव’, ‘माघारी ये’ अशी आपली बोली! लिहिलेलं न ठेवता बंद करायला गेलं की कॉम्प्युटर विचारायचा, ‘फेकून देऊ काय?’ मी हसून ‘नाई’ दाबायची. पंधरा दिवसांत माझी भीती गेली.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. कॉलेजात विकतची सिस्टीम. मी अर्ज नीट टाईप केला, बंद करायला गेले, तर इंग्रजीत प्रश्न आला. सवयीने मी ‘नो’ दाबलं. तो प्रश्न ‘ठेवू का?’ असा होता, हे अर्ज नाहीसा झाल्यावर कळलं. मॅडम म्हणाल्या, “सोमवारी पुन्हा बस. तेव्हा नाही जमलं तर विषय राहील.” विषय राहिला तर घरी काय सांगायचं, मला सुचेना.

काकांना सांगितलं तर ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी विकतच्या सिस्टीमचा लॅपटॉप मागून आणला आणि माझ्या शेजारी बसले.

“काका, तुमी काऊन? मी करतो ना.”

“मले बी शिकू दे बाप्पा,” ते म्हणाले. मग लॅपटॉप उघडत, “म्या सोपं केलं, पन आपल्या घरापुरतंच केलं न पोरी.”

दोन दिवस आम्ही एकमेकांच्या चुका काढल्या. बहुतेक त्यांच्याच निघाल्या. सोमवारी माझा अर्ज जागेवर राहिला. मी पास झाले.

परवा शेजारच्या काकू त्यांच्या मुलीला कॉम्प्युटरच्या शिकवणीसाठी घेऊन आल्या. मला वाटलं, आता भाड्याच्या घराचं भाषण होणार. पण काकांनी हळूच एवढंच विचारलं, “तुह्या कॉलेजात कोनतं हाये, बाई? तेच शिकू मंग.” त्यांचं चुकलं असं नाही. तरी मला कसंसंच झालं. ती पोर, सुरुवातीच्या माझ्यासारखीच, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, पडद्याकडे न बघता उभी होती.

मी सहसा मोठ्यांच्या मधे बोलत नाही. पण बोलले, “काका, तिले आधी आपलं दाखवा. कॉलेजातलं मंग मी शिकवतो.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “खरंच म्हनतं काय?” असं त्यांनी दोनदा विचारलं.