गुलाबी म्हणजे जिवंत

सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या की काकू वाक्य अर्धंच सोडायच्या. श्वासाने ट्रेमधली कवचं उडू नयेत म्हणून दम धरायचा, ओल्या ब्रशच्या टोकाने एक कवच उचलायचं आणि मग पुढचा शब्द. “भाजीत मी...” एवढ्यावर आम्ही ताटकळत असू. “...गूळ नाही टाकत.”

जबलपूरच्या आमच्या भूविज्ञान विभागात त्या परिचर होत्या. घमापुरातून सायकलने यायच्या. समुद्रतळाच्या गाळातून फोरामिनिफेरा, म्हणजे वाळूच्या कणाएवढे कवचवाले जीव वेचायला त्यांनीच मला शिकवलं. गाळ वर काढल्याबरोबर त्यात एक रंग घालतात. तेव्हा जिवंत असलेला जीव गुलाबी होतो, रिकामं कवच पांढरंच राहतं.

माझ्या प्रबंधासाठीचा गाळ कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाचा होता. कारखान्याचं पाणी पडायचं त्या जागेपुढे मी ‘मृत’ लिहिलं.

“काहून?” काकूंनी विचारलं.

“एकही गुलाबी नाही, काकू.”

“बारीक चाळणीतलं पाहिलं?”

नव्हतं पाहिलं.

“जिथं हवा कमी, तिथं मोठे कसे राहतील? दे इकडं.”

दोन दिवसांनी त्यांनी ट्रे माझ्यापुढे सरकवला. पातळ कवचाचे सात गुलाबी ठिपके होते. “लहान आहेत,” त्या म्हणाल्या, “पण जगून राहिले न.” मी अख्खं प्रकरण नव्याने लिहिलं.

पुढे मी तिथेच शिकवायला लागले आणि काकू निवृत्त झाल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर एकदा भेटायला आल्या. मी हौसेने ट्रे दाखवला. बराच वेळ त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही.

“रंग नवीन आणला का?”

“नाही, तोच आहे.”

त्यांनी पुन्हा डोळा लावला. मग म्हणाल्या, “म्हणजे मी इतके दिवस फिकं पाहून राहिली होती. फिक्या गुलाबीला मेलेला म्हटलं असंल मी.”

“जाऊ द्या काकू. आता तर लेखही छापून झाला.”

“जिवंताला मेला लिहिलं, ते कसं जाऊ देऊ? चलो, जुन्या बाटल्या काढ.”

त्या हिवाळ्यात दर मंगळवारी आम्ही शेजारी बसून सगळा जुना गाळ पुन्हा पाहिला. काकूंच्या वेचणीवरून मी मृत ठरवलेल्या दोन जागा जिवंत निघाल्या. दुरुस्तीचं पत्र मी पाठवलं तेव्हा मला शरम वाटायला हवी होती. पण नकाशावरचे मृत जागांचे ते दोन काळे ठिपके पुसताना मी काकूंसमोर चक्क हसत होते.