न हलणारी माणसं

मला लोक व्हिडिओ कलाकार म्हणतात आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याआधी ‘आद्य’ असंही लावतात. आद्य! म्हणे माझ्याआधी कोणी नव्हतं. अहो, माझ्याआधी मामा होता की. पण त्याला विचारतो कोण?

मामाचं सिंदी रेल्वेला शूटिंगचं दुकान होतं. कापूस घरी आला की लग्नं निघायची, आणि लग्नं निघाली की मी कॉलेज बुडवून मामाच्या मागे हॅलोजन धरून उभी. त्या दिव्यानं हात भाजायचा, पावडर घामात वाहून जायची. तरी मला ते सगळं भयंकर आवडायचं.

भानगड एकच होती. आमची माणसं कॅमेरा दिसला की थिजायची. हलू नका, फोटो खराब होईल, असं फोटोवाल्यानं त्यांना जन्मभर शिकवलेलं. आहेर द्यायला आलेला माणूस नवरानवरीच्या बाजूला उभा राहायचा, हात मांडीला चिकटवून, श्वास रोखून. मामा ओरडायचा, “हाला ना गा! फोटो नाई हा, व्हिडिओ हाये!” की तो माणूस आणखीच ताठ. मामाचं डोकं फिरायचं. मिक्सिंगला बसला की असले तुकडे तो गाळून टाकायचा आणि त्यांच्या जागी बदामाच्या आकारात नवरी बसवायचा.

ते गाळलेले तुकडे मी दुसऱ्या कॅसेटवर उतरवून ठेवायचे. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्या माणसांकडे बघत राहावंसं वाटायचं, बस्स. पुढे तेच एकामागे एक जोडले, आवाज सगळा काढून टाकला, आणि ते माझं पहिलं काम झालं. दिल्लीत दाखवलं, मग परदेशात. त्यात सगळ्यात शेवटी माझी आई आहे. नाचणगावला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं तेव्हाची. पांढरी साडी, बुद्धवंदना नुकतीच आटोपलेली. कितीतरी वेळ ती खांबासारखी उभी आहे आणि एकदम तोंडाला पदर लावून हसते. त्या हसण्यावर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली. मी चहा पीत वाचायचे आणि गप्प बसायचे.

मामाला हे कुणीतरी पेपरात दाखवलं आणि तो पेटला. “माह्या भंगाराचं प्रदर्शन मांडलं तिनं! मामाले शूटिंग येत नाई, हेच सांगत फिरून राह्यली!” आमच्याकडे यायचा, जेवायचा, पण त्या कामाबद्दल चकार शब्द नाही. कधी बघितलंही नाही. आई गेली. तिच्या पाठचा हा एकच भाऊ, तिला ‘बाई’ म्हणणारा. जगानं माझी पाठ थोपटली, बरंच वाटलं, नाही कशाला म्हणू? पण मामानं ते पाहावं, एवढं एक मनात ठुसठुसत राहिलं.

यंदा पिपरी मेघेला, आमच्याच कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमध्ये ते दाखवायचं ठरलं. मी सिंदीला मुद्दाम गेले. “मामा, येजो ना.”

“मले नाई याचं. आपलीच बेइज्जती चार लोकांत बसून काऊन पाहू मी? चाहा पी आन् जाय.”

माझंही टाळकं सटकलं. “नको येऊ! तुझ्यावाचून अडलं नाही माझं!” म्हटलं आणि चहा अर्धा टाकून निघाले. अडलं होतंच की. बसमध्ये वर्धा येईपर्यंत मनातल्या मनात भांडत होते.

आला. उशिरा आला, इस्त्रीचा सदरा घालून, आणि हाताची घडी घालून शेवटच्या रांगेत बसला. पडद्यावर माणसं सुरू झाली होती. नाचणगावहून बायका आल्या होत्या, त्यांतली एक ओरडली, “अवं मा, हा तं माहा बुढा!” हॉलभर हशा. परदेशात हे बघताना लोक देवळात बसल्यासारखे बसतात. इथे प्रत्येक जण आपलं माणूस शोधत होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण माझं लक्ष मामाकडे. त्याचे ओठ घट्ट मिटलेले.

मग आई आली. हात मांडीला चिकटवून, समोर बघत.

“हाल ना व बाई!”

सगळ्या माना मागे वळल्या. मामा उभा राहिला होता. पडद्यावर आई तशीच ताठ.

“अवं, हाल ना! फोटो नाई हा!”

आणि आई हसली, तोंडाला पदर लावून.

टाळ्या काय, शिट्ट्या काय, हॉलमध्ये नुसता कल्ला झाला. मी धावत मागे गेले. मामा पुढची खुर्ची धरून उभा होता, हसत होता, मिशा ओल्या झाल्या होत्या. मी त्याचा हात धरला. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नजर पडद्यावरच.

“पाह्यलं?” तो म्हणाला, “अजूनई आयकते माहं.”