राखीव रानातली जळालेली चौकी

जंगलखात्याची चौकी जळाल्याची वर्दी आली, ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. मी तेव्हा कल्याणला फौजदार होतो. पूर्वेकडच्या डोंगरातलं रान नुकतंच राखीव झालं होतं. पायथ्याच्या वाडीतले लोक भाताची रोपं करण्याआधी झाडांच्या फांद्या छाटून शेतात पसरत आणि जाळत. त्याला राब म्हणतात. आता फांदी तोडणंच गुन्हा ठरलं होतं. चौकीतच राहणाऱ्या रखवालदाराने वाडीतले कोयते जप्त करून तिथे ठेवले होते. चोरट्यांकडून पकडलेलं सागवानही तिथेच होतं.

"सगळी वाडी आत टाका," जंगल अधिकारी म्हणाले. "हे लोक दुसऱ्या कशाने वठणीवर येणार नाहीत."

मी वाडीत पोचलो, तर एक म्हातारा शेतकरी आपणहून पुढे आला. "फौजदारसाहेब, आग मी लावली. मला न्या."

"कुठल्या बाजूने लावलीत, बाबा?"

त्याने शेताकडे बोट केलं. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "राब भाजायचा राह्यलाय. पोरं कैदेत गेली तर पेरनी कोन करील?"

ही कबुली लिहून घेतली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मी म्हाताऱ्याला ठाण्यावर पाठवलं आणि शिपायांना चौकीची राख उपसायला लावली. कोयत्यांची पाती राखेत तशीच होती. वाडीतल्या कुणी आग लावली असती, तर आधी आपला कोयता बाहेर काढला असता. सागाचा मात्र मागमूस नव्हता. जाड ओंडके गवती छपराबरोबर जळून जात नाहीत, कोळसा झालेली खोडं उरतात. पंचनाम्यात हे सगळं नोंदवलं.

वाडीतून निघताना मोळ्या विकणारी एक बाई वाटेत थांबली. "साग कवाच बंदरावर गेला, साहेब. रखवालदार गाडीमागं चालत व्हता."

बंदरावरच्या एका वखारीत जप्त लाकडावर मारतात त्या सरकारी हातोड्याचा ठसा असलेले ओंडके मिळाले. मग रखवालदाराला बोलावलं. मी आवाज चढवत नाही. आरडाओरडा केला की माणूस रागाच्या आड लपतो.

"तुझी भांडीकुंडी?"

"जळाली, साहेब."

"पितळेचं भांडं जळून कुठे जातं? राखेत एकही नाही."

त्याने पाणी मागितलं. प्यायला आणि मान खाली घालून म्हणाला, "वरचे साहेब तपासणीला येणार होते. ओंडके कुठून दाखवणार होतो?"

म्हाताऱ्याला सोडलं, पण तो ठाण्याच्या पायरीवरच उभा राहिला. "आता राब तोडू देतील का?"

ते माझ्या हातात नव्हतं. मी अहवालात लिहिलं की, राबाची सोय झाली नाही तर या वाडीचे लोक पुन्हा पुन्हा आरोपी म्हणून उभे राहतील. जंगल अधिकारी म्हणाले, "हे पोलिसांचं काम नाही. खोडा."

"खोडणार नाही," मी म्हणालो. "तुमची हरकत वेगळी लिहून पाठवा."

अहवाल तसाच वर गेला. हाती आलेली कबुलीसुद्धा तपासून घ्यायची, हे मी त्या प्रकरणात शिकलो. राबाचा प्रश्न पुढे बरीच वर्षं लोंबकळत राहिला. त्या काळात फांद्या तोडल्याबद्दल त्याच वाडीतली माणसं मला वरचेवर कोर्टात उभी करावी लागली. दर खटल्याच्या कागदात मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं.