ऑस्लोमध्ये माझी जागा कुणी धरली होती?

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे कुणी 'असं असं झालं' म्हणालं, की मी म्हणायचं, 'पुन्हा करून दाखव.' पुन्हा घडलं तर ते खरं, नाही तर विषय संपला. घरातही माझा हाच खाक्या. होस्टेलवर मुली प्लँचेट करायला बसल्या, की मी मुद्दाम वाटीला बोट लावून ढकलायचे आणि सगळ्यांची टरकली की सांगून टाकायचे. या सदरातले बरेच अनुभव मी वाचलेत, आणि खरं सांगते, निम्म्यांवर हसलेही आहे. आता तुमची पाळी.

आम्ही सिंगापूरला चोआ चू कांगमध्ये राहतो. मी, नवरा निखिल, चौदा वर्षांची लेक ईरा, आणि बाबा गेल्यापासून माझी आई. मूळचे आम्ही सांगलीचे. आई इथे कंटाळेल असं वाटलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात तिने आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीतली, एक पद्धत पाहिली आणि स्वारी खूश झाली. इथे लोक खायला आणायला जाण्याआधी टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवून जातात. पाकीट दिसलं की ते टेबल धरलेलं, तिथे कुणी बसत नाही. त्याला 'चोप' करणं म्हणतात.

"अगं, हे तर आपलं एसटीत रुमाल टाकणं!" आई म्हणाली.

सांगली स्टँडवर चालत्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून अख्ख्या कुटुंबाच्या जागा धरणारी बाई ती. तिला इथे कुणी शिकवायची गरजच नव्हती. उलट तिने त्यात भर घातली. उघडलेल्या पाकिटाचं फडफडणारं तोंड तिला बघवायचं नाही, म्हणून बांगडीतली सेफ्टी पिन काढून ती त्याला लावायची. पिन लावलेलं पाकीट दिसलं की समजायचं, आमच्या मातोश्री इथे आहेत. मग शेजारच्या खुर्चीवर दोनदा थाप आणि लांबूनच हाक, "ये गं लवकर!" चहावाल्या चिनी अंकलशी ती बिनदिक्कत मराठीत बोलते, हातवारे करून. तो त्याच्या भाषेत उत्तर देतो. दोघांचं छान जमतं.

यंदा जूनमध्ये मला ऑफिसच्या कामासाठी ऑस्लोला जायचं होतं. आईला बरोबर न्यायचं ठरलं, काम झाल्यावर आठवडाभर फिरायचं. जिथे रात्रच होत नाही तो देश तिला बघायचा होता. तिने त्यासाठी जन्मात पहिल्यांदा बूट घेतले. जुरोंग ईस्टच्या मॉलमधून, जांभळे. घरातल्या घरात घालून चालून बघायची आणि स्वतःलाच हसायची.

आणि मग ती बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड छान जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं. पण आई चालेना. फिजिओथेरपिस्ट येऊन थकली. वॉकर पलंगाशेजारी उभा, आणि त्यावर आईचा टॉवेल वाळतोय. दुखतं का विचारलं तर नाही म्हणायची. भीती वाटते म्हणायची. उभं राहिलं की जमीन सरकते असं वाटतं म्हणायची. "आणखी थोडे आठवडे असेच गेले तर पायातली ताकद जाईल, मग परत यायची नाही," फिजिओ मला बाजूला घेऊन म्हणाली. तेव्हापासून माझी झोप उडाली होती. आई अंथरुणाला खिळणार, या विचाराने मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन रडायचे.

ऑस्लोचं काम मात्र टळेना. निघताना आई म्हणाली, "तू जा. आणि एक दिवस तरी फीर. बघितलेलं सगळं मला सांग." आठवड्याचे बेत रद्द झाले, उरला एक शनिवार. संध्याकाळची फ्लाइट होती.

तर तो शनिवार.

हॉटेलमधून सकाळीच निघाले. लख्ख ऊन, आणि हवेत आपल्याकडच्या डिसेंबरसारखा गारवा. आधी ऑपेरा हाऊस बघायला गेले. त्याचं पांढरं दगडी छप्पर पाण्यापासून उतरणीसारखं वर चढत जातं आणि लोक त्यावरून चालत थेट माथ्यापर्यंत जातात. मी अर्ध्यापर्यंत गेले. गुडघे कुरकुरायला लागले, फोटो काढला आणि वळले. तेवढ्यात वरून उतरणारे एक आजोबा माझ्यापाशी थांबले. हसून इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या आई तर केव्हाच वर पोचल्या!"

मी वर पाहिलं. डोळ्यांवर ऊन येत होतं, चार-पाच आकृत्या दिसल्या. मला वाटलं, असेल कुणी भारतीय आजी, ऑस्लोत आपले लोक काही कमी नाहीत. आजोबांना म्हटलं, "मी एकटीच आलेय." ते जरा गोंधळले, सॉरी म्हणाले आणि गेले.

तिथून ट्रामने पुतळ्यांच्या बागेत. तिथे काहीच झालं नाही. पुतळे पाहिले, एका बाकावर बसून घरी फोन केला. सिंगापूर तेव्हा सहा तास पुढे, म्हणजे तिथे संध्याकाळ होत आली होती. निखिल म्हणाला, "आई जेवून झोपल्यात त्या अजून उठल्या नाहीत."

"चहा?"

"नाही ना. मीही तेच म्हणतोय."

माझी आई तापात असली तरी चहाच्या वेळेला उठते. मला ते खटकलं. पण म्हटलं, झोपू दे.

मग धक्क्यावर आले. तिथून समोरच्या बेटांवर छोट्या बोटी जातात. मी चढले तेव्हा गर्दी बरीच होती. खिडकीजवळची एकच जागा रिकामी दिसली. आणि त्या जागेवर... टिश्यूचं पाकीट होतं.

मला आधी हसूच आलं. ऑस्लोमध्ये सिंगापूरकर! नॉर्वेच्या लोकांना काय कळणार चोप म्हणजे काय, आणि तसेही ते अनोळखी माणसाला खेटून बसत नाहीत. मी पाकीट उचललं. त्यावर आमच्या चोआ चू कांगमधल्या ट्यूशन क्लासची जाहिरात होती. अशी पाकिटं स्टेशनबाहेर फुकट वाटतात, आमच्या घरी ढिगाने पडलीत. आणि उघडलेल्या तोंडाला सेफ्टी पिन.

मी त्याच जागेवर बसले.

समोर एक बाई विणकाम करत बसली होती. मी तिला विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, "तुमचंच ना? त्या वयस्कर बाईंनी तुमच्यासाठी जागा ठेवली होती. दोघं-तिघं बसायला आले, त्यांनी बसू दिलं नाही." आणि तिने शेजारच्या सीटवर हाताने दोनदा थाप मारून दाखवली. अगदी तश्शी.

"कुठे आहेत त्या?"

"तुम्ही चढलात तेव्हाच उतरल्या. दिसल्या नाहीत? जांभळे बूट होते."

अंगावर काटा आला की नाही? आला. पण घाबरले असं म्हणणार नाही. मला राग आला होता, एखादा प्रोग्रॅम माझ्याशी खेळतोय असं वाटल्यावर येतो तसा. कोण करतंय हे? कसं? मी उठून दाराशी गेले, पण बोट सुटली होती. धक्क्यावर माणसंच माणसं, साडीतली एकही नाही.

आणि मग डोक्यात एक विचार आला. माणूस जाताना जवळच्यांना दिसतो, असं याच सदरात कितीदा वाचलं होतं... हसले होते ना मी त्यावर? फोन लावला.

"निखिल, आईला उठव. आत्ता."

"अगं, आत्ताच हाका मारून आलो. श्वास नीट चाललाय, नाडी पाहिली. पण उठत नाहीत."

मागून ईराचा आवाज आला, तिच्या त्या सिंगापुरी 'लाह'वाल्या इंग्रजीत, "मम्मा, आजी इज स्मायलिंग, लाह! झोपेत. सो क्यूट, बट आल्सो क्रीपी."

"उठवा तिला! नाही उठली तर अॅम्ब्युलन्स बोलवा!"

बोट बेटाला लागली. मी उतरलेच नाही, तशीच बसून परत आले. येताना पाकीट मुठीत घट्ट धरलं होतं. इतका निळा समुद्र, बेटांवरची लाल-पिवळी घरं, आणि मला काही दिसत नव्हतं. देवाला मानत नसले तरी त्या दिवशी सगळ्यांची नावं घेतली.

धक्क्यावर उतरले. समोरच एक कॅफे होता. बाहेरच्या टेबलांपैकी एकच रिकामं. आणि इथे मी काय केलं ते ऐका. टेस्टिंगमध्ये आयुष्य घातलेली मी, हातात जगातला एकमेव पुरावा... तो टेबलावर ठेवून कॉफी आणायला आत गेले. चोप! इतक्या वर्षांची सवय, हाताने केलं, डोक्याला कळलंच नाही. काउंटरवर पोचल्यावर लक्षात आलं, तशी उलट्या पावली धावले. टेबल रिकामं होतं.

टेबलं पुसणाऱ्या मुलीला विचारलं, पाकीट टाकलं का? ती म्हणाली, "नाही, तुमच्या आईने घेतलं. त्या तुम्हाला शोधत होत्या, मग..." तिने वाकून पोटऱ्या चोळून दाखवल्या, आणि हात हलवून दूर जायची खूण केली. "पाय दुखतायत, घरी जाते, असं काहीतरी. मला भाषा कळली नाही. पण कळलं."

त्याच क्षणी फोन वाजला. निखिल.

"उठल्या!" तो जवळजवळ ओरडला. "शालू, उठल्या, आणि काय म्हणाल्या माहितीये? पाय भयंकर दुखतायत, गरम पाणी द्या. मी पाणी तापवायला किचनमध्ये आलो तर मागोमाग या उभ्या. चालत! वॉकर न घेता! भिंतीला हातसुद्धा नाही!"

मी त्या कॅफेत सगळ्यांसमोर मोठ्याने रडले. त्या मुलीने मला गरम वॉफल आणून दिलं, वर तपकिरी चीज. ते गोड होतं एवढंच आठवतंय.

घरी आल्यावर अर्थातच मी आईची चौकशी सुरू केली. स्वप्न पडलं होतं का? काही दिसलं का? "छे गं. गाढ झोप लागली होती. किती दिवसांनी," ती म्हणाली. जांभळे बूट खोक्यात होते, तळ कोरे करकरीत. मी भिंगाने पाहिले, हो, इतकी वेडी झाले होते. डॉक्टर म्हणाले, भीती अशी एकदम जाते कधी कधी, त्यांनी पाहिलंय. ईरा म्हणाली, "कोइन्सिडन्स, लाह." असेलही. ऑस्लोत सिंगापूरची आणखी एखादी आजी असेल, तिलाही पिन लावायची सवय असेल, तिचेही बूट जांभळे असतील. मी स्वतःला हे रोज सांगून बघते. सांगताना मलाच पटत नाही.

आईला फोटो दाखवत होते. ऑपेराच्या छपराचा फोटो आला तेव्हा ती म्हणाली, "अर्ध्यातूनच परतलीस ना?"

"तुला कसं कळलं?"

"फोटोत दिसतंय की." आणि पुढचा फोटो बघायला लागली.

फोटोत खरंच दिसतंय. नीट पाहिलं तर.

गेल्या रविवारी आम्ही दोघी खाली हॉकर सेंटरला गेलो. आई जांभळे बूट घालून पुढे, मी मागे. चहावाला अंकल लांबूनच ओरडला, "आंटी! वॉकिंग ऑलरेडी आ! गुड, गुड!" आई त्याला मराठीत म्हणाली, "आता थांबत नाही बघा." पंख्याखालचं टेबल पाहून तिने पाकीट ठेवलं, पिन लावली आणि शेजारच्या खुर्चीवर दोनदा थाप मारली.

"ये गं. किती वेळ जागा धरून ठेवायची तुझ्यासाठी?"

"आई," मी म्हटलं, "एकदाच खरं सांग. त्या दिवशी..."

"आधी चहा आण. मग विचार काय विचारायचं ते."

मी गेले. अंकलने दोन कप भरले. कप हातात घेऊन वळायच्या आधी मी थबकले. मागे वळून बघायची भीती वाटली, दिवसाढवळ्या, एवढ्या माणसांत. मग वळले.

आई होती. पाकीटही होतं.

मी चहा ठेवला आणि काहीच विचारलं नाही.