बटाट्याचं पाणी

“पाणी ओतलंत का, मावशी?” घरी असले की अकरा वाजता सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन हेच विचारायचे. आधी चष्मा आत यायचा, मग मान, मग उरलेला माणूस.

“ओतलं.”

“मोरीत?”

“न्हाय, तुमच्या पुस्तकांवर.”

हसायचे, पण पातेल्यात डोकावल्याशिवाय परत जायचे नाहीत.

निवृत्त झाला तरी शिकवायचं सोडत नाही असा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. हे शाळेत विज्ञान शिकवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नागपूरला. धामणकर नाक्यामागे दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. खाली कापड विणायचे लूम चालायचे, त्यामुळे कपातला चहादेखील थरथरायचा. मी पडघ्याहून एसटीने येऊन त्यांचा स्वयंपाक करायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत.

त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. मुलगी फोनवर म्हणायची, “बाबा, महिनाभर या ना.” सर म्हणायचे, “मशीन बरोबर घेऊन येऊ का?” फोन ठेवला की खिडकीत बसायचे. सकाळी भरलेली एक लोटी, एवढंच दिवसाचं पाणी. ती पुढ्यात ठेवून खालचा टेम्पो कापडाचे तागे कसा भरतो ते बघत राहायचे. टेम्पो निघून गेला तरी तिकडेच नजर.

जेवणाचं तर विचारू नका. बटाटा सोलायचा, पातळ कापायचा, दोन तास भिजवायचा, पाणी ओतायचं. नव्या पाण्यात उकडायचा, तेही ओतायचं. मीठ नावाला. भाज्यांतला कुठलासा क्षार रक्तात साठला की त्यांचं हृदय बंद पडेल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

आमच्यात भाजीचं पाणी कोणी फेकत नाही. मी पहिल्याच दिवशी बोलले, “सर, सत्त्व सगळं मोरीत चाललंय.”

त्यांना तेवढंच पाहिजे होतं. बटाट्याच्या दोन चकत्या दोन वाट्यांत ठेवल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं. तासाभराने साध्या पाण्यातली ताठ, मिठातली लुळी.

“बटाट्यात लाखो बारीक खोल्या असतात, मावशी. प्रत्येकीला पापुद्रा. तो पाण्याला जाऊ देतो, बाकीच्यांना अडवतो. का लुळी पडली, सांगा.”

“मिठाने पाणी बाहेर बोलावलं. काकडीची कोशिंबीर करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक हाय.”

“पैकीच्या पैकी!” सर म्हणाले. “आणि उकळलं की पापुद्रा मरतो. मग आतला क्षार मोकळा सुटतो, जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे. म्हणून ते पाणी ओतायचं. डायलिसिसच्या मशीनमध्ये असाच पडदा असतो. माझ्या रक्तातला कचरा त्यातून पलीकडे जातो. मीही बटाटाच. आठवड्यातून तीनदा भिजत घालतात.”

त्या मार्चमध्ये त्यांचं जेवण सुटलं. ताटातली भाजी तशीच परत यायची. गालफडं बसली. मला दया आली असं म्हणणार नाही. टाकलेलं अन्न बघून रोज डोकं फिरायचं. एका बुधवारी मी उकडलेल्या बटाट्याचं पाणी ओतलं नाही. आमटीत घातलं. भाजीत तर घालत नाही ना, असं मनाला सांगितलं.

“पाणी ओतलंत का, मावशी?”

“ओतलं.”

सरांनी एक भुरका मारला. माझ्याकडे बघितलं. “आणखी एक वाटी वाढा,” म्हणाले.

शुक्रवारपर्यंत हेच. वाटी बोटाने पुसून खायचे. मी खूश.

शनिवारी त्यांना खुर्चीतून उठता येईना. पाय मेणाचे झाल्यासारखे. शेजाऱ्यांनी धरून रिक्षात घातलं, मी बरोबर गेले. डायलिसिस सेंटरवर डॉक्टरांनी मशीन लावता लावता विचारलं, “सर, क्षार फार वाढलाय. काय घेतलंत? नारळपाणी?”

“केळी. दोन.”

“खोटं बोलतात,” मी म्हणाले. “घरात केळं आलंच न्हाय. मी बटाट्याचं पाणी आमटीत घातलं. तीन दिवस.”

“मावशी, तुम्ही त्यांना मारलंच होतं!” डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले. बरोबरच होतं त्यांचं.

परत येताना मी रिक्षात विचारलं, “केळ्याचं खोटं कशाला सांगितलं?”

“पहिल्याच घोटाला कळलं होतं मला.”

“मग बोलला का न्हाय?”

“बोललो असतो तर तुम्ही थांबला असता.”

मला सरांचा भयंकर राग आला.

सोमवारपासून पुन्हा दोन्ही पाणी मोरीत. पंधरा दिवसांनी सर दारात आले. पातेल्यात बघितलं नाही. हळूच म्हणाले, “मावशी, एकदाच. अर्धी वाटी.”

“न्हाय.”

“जीव माझा आहे.”

“हात माझा हाय.”

नंतर तीन-चार वेळा विचारलं असेल. मग विचारणं बंद केलं. समोर येईल ते गिळायचे. असं सव्वा वर्ष काढलं. तेवढं त्यांना मिळालं ते माझ्यामुळे, असं त्यांची मुलगी म्हणते.

एका गुरुवारी मी स्वयंपाक करून ताट झाकून ठेवलं. सर सेंटरवरून दोनपर्यंत यायचे. अडीचला शेजाऱ्यांना फोन आला. मशीन चालू असतानाच गेले.

मुलगी यायला रात्र होणार होती. शेजारी म्हणाले, “मावशी, तुम्ही इथेच थांबा.” खाली लूम चालूच होते. मी ताट उघडलं आणि जेवायला बसले. भात, दुधी, बटाट्याची भाजी. पहिला घास बराच वेळ तोंडात फिरवला. लागतच नव्हतं काही. भिजवलेला कागद खावा तसं. इतक्या दिवसांत मी ती भाजी एकदाही चाखून बघितली नव्हती.

सगळं ताट संपवलं. मध्ये दोनदा उठावंसं वाटलं. उठले नाही.